उभ्या दाव्यावरची उचल

मोटार अपघातात घरचे माणूस गेल्यावर कुटुंबाने नुकसानभरपाईचा दावा लावायचा आणि तो चालू असतानाच, त्याच्याच भरवशावर, एखाद्या कंपनीकडून रोख पैसे घ्यायचे, असा व्यवहार अमेरिकेत आज उघड चालतो. तडजोड झाली किंवा निकाल बाजूने लागला की कंपनी आपली रक्कम वाढीसकट भरपाईतून वळती करून घेते. दावा हरला तर तिचे पैसे बुडतात. याला कर्ज म्हणणे या कंपन्या कटाक्षाने टाळतात. मराठीत त्यासाठी ‘उचल’ हा शब्द बरा बसतो. हंगामापूर्वी मुकादम ऊसतोड टोळीला देतो तशीच ही उचल पुढे येणाऱ्या पैशातून फिटते. फरक इतकाच की ऊसतोडीची उचल हंगाम बुडाला तरी मजुराच्या अंगावर राहते, ही राहत नाही. धंदा म्हणून याला जेमतेम तीन दशके झाली आहेत. दुसऱ्याच्या दाव्यात पैसे घालून त्यातला वाटा घ्यावा की नाही, हे भांडण मात्र सातशे वर्षांहून जुने आहे.

इंग्लंडच्या कायद्यात अशा व्यवहाराला ‘चॅम्पर्टी’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘कॅम्पी पार्स’ म्हणजे शेताचा वाटा. तेराव्या शतकातले बहुतेक मोठे दावे जमिनीचे असत, त्यामुळे दाव्याला पैसे पुरवणारा वाटा मागे तो जमिनीतच. शब्दात पिकाचा किंवा अर्धेलीचा वास असला तरी व्यवहार साध्या वाटेकऱ्याचा नव्हता. बडे सरदार आणि राजाचे अधिकारी दुबळ्याचा कच्चा दावा हाती घेत, पंच आणि साक्षीदार यांच्यावर वजन टाकत आणि जिंकलेल्या जमिनीतला मोठा तुकडा ठेवून घेत. पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत, 1275 मध्ये, वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या कायद्याने राजाच्या अधिकाऱ्यांना वाटा ठरवून दावे चालवायला मनाई केली. 1285 च्या दुसऱ्या कायद्याने ही मनाई आणखी लोकांना लागू झाली आणि 1305 च्या फर्मानात अशा वाटेकऱ्याची व्याख्याही आली. चॅम्पर्टीच्या जोडीला ‘मेन्टेनन्स’ हा गुन्हा होता. त्यात वाटा घेतला नाही तरी, संबंध नसताना दुसऱ्याचा दावा पोसणे एवढेच पुरेसे असे.

रोमन कायद्यालाही ही चिंता नवी नव्हती. सम्राट अनास्तासियसने 506 मध्ये वेगळा तोडगा काढला होता. दुसऱ्याचे येणे कमी किमतीत विकत घेणाऱ्याला ऋणकोकडून आपण मोजलेल्या रकमेपुरतेच वसूल करता येईल, असा नियम त्याने केला. व्यवहार बंद न करता त्यातला नफा काढून घेण्याची ही युक्ती इंग्लंडच्या सरसकट बंदीपेक्षा अधिक धूर्त म्हणावी लागेल. आजही काही अमेरिकन राज्यांचे कायदे हाच मार्ग थोड्या सौम्य रूपात धरतात.

बंदीचे कारण पुढे उरले नाही. राजाची न्यायालये भक्कम झाली, सरदारांची दहशत ओसरली, तरी नियम तसाच राहिला. 1787 मध्ये जेरेमी बेंथमने व्याजखोरीचे समर्थन करणारी पत्रे लिहिली, त्यांतल्या एकात त्याने चॅम्पर्टीच्या बंदीवरही हल्ला चढवला. त्याचा मुद्दा साधा होता. ज्या काळात सरदार तलवारीच्या जोरावर न्यायाधीशाला धमकावू शकत होता त्या काळासाठी केलेला नियम आता फक्त गरिबाला न्यायालयापासून लांब ठेवतो, कारण त्याच्याकडे हक्क असतो आणि तो चालवायला पैसा नसतो. बेंथमचे म्हणणे इंग्लंडच्या संसदेला पटायला 180 वर्षे लागली.

मृत्यूच्या दाव्यावर उचल मिळायची तर आधी मृत्यूचा दावाच हवा, आणि इंग्लंडमध्ये तो फार उशिरा आला. 1808 मध्ये लंडनच्या न्यायालयात एका प्रवाशाने घोडागाडीच्या मालकावर दावा लावला होता. गाडी उलटून त्याला दुखापत झाली होती आणि महिन्याभराने त्याची बायको दगावली होती. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी पंचांना सांगितले की दिवाणी न्यायालयात माणसाच्या मृत्यूची नुकसानी म्हणून तक्रार करता येत नाही. नवऱ्याला शंभर पौंड मिळाले ते त्याच्या स्वतःच्या दुखापतीचे आणि बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांच्या तिच्या सहवासाचे. म्हणजे प्रवाशाला जायबंदी करण्यापेक्षा ठार करणे गाडीवाल्याला स्वस्त पडे.

याच काळात इंग्लंडमध्ये ‘डिओडॅंड’ नावाची एक मध्ययुगीन प्रथा जिवंत होती. ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा करायची. बैल, गाडीचे चाक, विहिरीचा रहाट अशा गोष्टींची किंमत चिल्लर असे, म्हणून कोणाला फारसे दुखत नव्हते. आगगाडी आल्यावर मात्र ही प्रथा एकदम महाग झाली. 1841 च्या नाताळच्या आदल्या दिवशी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी सॉनिंगच्या खिंडीत घसरलेल्या दरडीवर आदळली आणि उघड्या डब्यांतले गरीब प्रवासी मेले. पंचांनी इंजिन आणि डब्यांवर 1,000 पौंडांचा डिओडॅंड बसवला. तो पुढे टिकला नाही, पण रेल्वे कंपन्या सावध झाल्या. 1846 मध्ये संसदेने एकाच हंगामात दोन कायदे केले: एकाने डिओडॅंड रद्द झाला, दुसऱ्याने मृताच्या पत्नीला, पतीला, आईवडिलांना आणि मुलांना भरपाईचा हक्क मिळाला. हा दुसरा कायदा लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जातो. दावा बारा महिन्यांच्या आत लावावा लागे आणि भरपाई फक्त आर्थिक नुकसानीची. दुःखाला किंमत नव्हती.

हा कायदा झपाट्याने पसरला. न्यूयॉर्कने 1847 मध्ये तसाच कायदा केला आणि दोन वर्षांनी भरपाईला 5,000 डॉलरची मर्यादा घातली. 1894 च्या राज्यघटनेने ती मर्यादा काढून टाकली आणि पुन्हा घालायला विधिमंडळाला मनाई केली. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने 1855 चा तेरावा कायदा, म्हणजे प्राणघातक अपघात कायदा, केला. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावून तेव्हा दोन वर्षे होत आली होती. कायद्याचा मजकूर बराचसा लॉर्ड कॅम्पबेल यांच्याच कायद्याचा.

मोटारीने हे सारे रस्त्यावर आणले. 17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात प्रात्यक्षिकासाठी फिरणाऱ्या मोटारीखाली एक बाई ठार झाली. असे पुन्हा घडू नये, अशी अपेक्षा चौकशी करणाऱ्या कॉरोनरने व्यक्त केली, असे सांगतात. 13 सप्टेंबर 1899 रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रॅममधून उतरणाऱ्या माणसाला विजेवर चालणाऱ्या टॅक्सीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. अमेरिकेतला मोटारीचा हा पहिला बळी मानला जातो. रेल्वेची कंपनी गडगंज असे, मोटार चालवणारा मात्र बहुधा कफल्लक. म्हणून विमा सक्तीचा करण्याची मागणी आली. मॅसॅच्युसेट्सने 1927 पासून, ब्रिटनने 1930 च्या कायद्याने तो सक्तीचा केला. यातून दाव्याचे स्वरूप पालटले. कागदावर एका घराचा चालकाशी वाद चाले, प्रत्यक्षात समोर विमा कंपनी असे. तिला शेकडो दावे एकाच वेळी सांभाळायचे असत आणि घाई कधीच नसे. समोरच्या घरात मात्र पगार बंद झालेला, घराचा हप्ता थकलेला, अंत्यविधीचे बिल येऊन पडलेले. तारखा पडत राहिल्या की घरच्यांचा धीर सुटे आणि ते मिळेल त्या रकमेवर सही करत. उचलीचा धंदा नेमक्या या फटीत उभा राहिला.

वकिलांनी ही फट आधीच हेरली होती. अमेरिकेत अशा दाव्यांत वकील फी आगाऊ घेत नाही, भरपाईतला ठरलेला हिस्सा घेतो, साधारणपणे एक तृतीयांश. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. चॅम्पर्टीच्या जुन्या व्याख्येत ती सहज बसली असती, पण अमेरिकन न्यायालयांनी तिला वाट करून दिली. मग काही वकील गाडीची धडक झाल्याचे कळताच रुग्णालयात माणसे पाठवू लागले, अशील मिळवायला घरखर्चही देऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये 1928 मध्ये अपघातांच्या मागे धावणाऱ्या या वकिलांची न्यायालयीन चौकशी झाली आणि अनेकांवर कारवाई झाली. अमेरिकन बार असोसिएशनच्या 1908 च्या संहितेने दाव्याच्या विषयात हितसंबंध विकत घ्यायला वकिलांना बंदी केलीच होती. तिच्या 1983 च्या आदर्श नियमांत हे अधिक स्पष्ट झाले: न्यायालयाचा खर्च वकिलाने आगाऊ भरला तरी चालेल, अशिलाचा किराणा आणि घरभाडे मात्र त्याने भरायचे नाही. नियमाचा हेतू चांगला होता. पण त्याने अशिलाची गरज मिटली नाही, ती फक्त वकिलाच्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात गेली.

ते दुसरे दार उघडायला कायद्याला एक नाजूक भेद करावा लागला. दावा विकता येत नाही, पण दाव्याचे फळ विकता येते का? 1912 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ग्लेग विरुद्ध ब्रॉमली या खटल्यात येते असे सांगितले. एका बाईने आपल्या बदनामीच्या दाव्यातून पुढे मिळणारी रक्कम नवऱ्याच्या नावे केली होती. दावा तिचाच राहिला, तो चालवायचा की नाही हे तिच्याच हाती राहिले; फक्त हाती येणारे पैसे आधीच दुसऱ्याचे झाले. शेत मालकाचेच, उभे पीक मात्र व्यापाऱ्याचे, अशा सौद्याची शेतकऱ्यांना जी ओळख असते तीच ही कल्पना. 1967 मध्ये इंग्लंडने चॅम्पर्टी आणि मेन्टेनन्स हे गुन्हे म्हणून आणि दिवाणी अपराध म्हणूनही रद्द केले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये आणि साउथ कॅरोलायनाच्या न्यायालयाने 2000 मध्ये चॅम्पर्टीचा नियमच सोडून दिला.

1990 च्या दशकात अपघातग्रस्तांना उचल देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत दिसू लागल्या आणि पुढच्या दशकात त्यांच्या जाहिराती टीव्हीवर आल्या. कार्यपद्धती साधी आहे. अर्ज आल्यावर कंपनी अशिलाची पत किंवा पगार बघत नाही. ती त्याच्या वकिलाकडून कागद मागवते: पोलीस अहवाल, दोष कोणाचा, समोरच्याची विमा पॉलिसी किती रकमेची. अपेक्षित भरपाईच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत उचल मंजूर होते. वकील एका पत्रावर सही करून हमी देतो की भरपाई त्याच्या खात्यात आल्यावर आधी कंपनीचे पैसे चुकते केले जातील. दर बहुधा महिन्याला दोन ते चार टक्के असतो आणि अनेकदा तो चक्रवाढीने चढतो. पाच हजार डॉलरवर महिना तीन टक्के चक्रवाढ धरली तर 24 व्या महिन्याला रक्कम 10,000 च्या वर जाते आणि तीन वर्षांनी साडेचौदा हजारांच्या घरात पोचते.

हिंदू कायद्यातला ‘दामदुप्पट’ हा नियम इथे आठवतो. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावे, असा हा नियम मनुस्मृतीत आहे आणि जुन्या मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो लावत असत. वरच्या हिशेबात ती हद्द बरोबर दोन वर्षांत ओलांडली जाते, आणि मृत्यूचा वादग्रस्त दावा दोन वर्षांत निकाली निघाला तर तो लवकर निघाला म्हणायचे. कंपन्यांचे उत्तर असे, की हे कर्जच नव्हे: हरल्यास परत काही मागायचे नाही, म्हणून व्याजखोरीचे कायदे लागत नाहीत. कायद्याच्या भाषेत हे बरोबर आहे. पण पक्के दावे निवडूनच पैसे घालायचे असल्यामुळे बुडण्याचा धोका दाखवला जातो तितका मोठा नसतो, हेही तितकेच खरे.

मृत्यूच्या दाव्यात हा व्यवहार आणखी किचकट होतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात दावा विधवेच्या किंवा मुलांच्या नावाने चालत नाही. न्यायालयाने नेमलेल्या मृताच्या प्रतिनिधीने तो लावायचा असतो, आणि तोही दोन वर्षांत. मिळालेली भरपाई कोणाला किती, हे शेवटी न्यायालय ठरवते. सज्ञान मुलाने एकट्याने उचल घेतली तर ती त्याच्याच वाट्यातून वळती व्हायला हवी, पण तो वाटा किती असेल हे उचल घेताना कोणालाच माहीत नसते. अज्ञान मुलांचा वाटा तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय गुंतवताच येत नाही. म्हणून सावध कंपन्या प्रतिनिधीचे नेमणूकपत्र हाती येईपर्यंत थांबतात. अंत्यविधीचा खर्च मात्र त्याआधीच झालेला असतो.

या धंद्यावरचा सर्वांत गाजलेला निकाल ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये दिला. मोटार अपघातात गंभीर जखमी झालेल्या एका बाईने 6,000 डॉलरची उचल घेतली होती. करार असा, की बारा महिन्यांत दावा मिटला तर 16,800, अठरा महिन्यांत 22,200 आणि चोवीस महिन्यांत 27,600 डॉलर परत करायचे. नंतर तिने आणखी 1,000 डॉलर घेतले, त्याचे 2,800 द्यायचे ठरले. वर्षाच्या आत एक लाख डॉलरवर तडजोड झाली आणि तिने कराराप्रमाणे पैसे द्यायचे नाकारले. न्यायालयाने एक हिशेब मांडला. 28,000 डॉलरवर तडजोड झाली असती तर तीस टक्के फीचे 8,400 वकिलाला गेले असते, उरलेले 19,600 दोन उचलींचे कंपन्यांना, आणि जखमी बाईला शून्य. म्हणजे त्या रकमेपर्यंत मिटवण्यात तिचा काहीच फायदा नव्हता. तडजोड रोखणारा हा करार चॅम्पर्टी ठरला आणि रद्द झाला. 1305 च्या व्याख्येत बसणारा शेताचा वाटा जवळजवळ सातशे वर्षांनी एका मोटार अपघातात सापडला होता. पाच वर्षांत ओहायोच्या विधिमंडळाने कायदा करून हा निकाल निष्प्रभ केला आणि अटी घालून धंद्याला परवाना दिला.

त्यानंतर प्रत्येक राज्याने आपापली वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये 2005 मध्येच कंपन्यांच्या संघटनेने राज्याच्या महाधिवक्त्यांशी करार करून दर सहा महिन्यांनी किती देणे होईल हे आधी छापून द्यायचे आणि पाच कामकाजी दिवसांत करार मोडू द्यायचा, असे कबूल केले होते. मेनने 2007 मध्ये नियमन आणले. आर्कान्सासने 2015 मध्ये वार्षिक 17 टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच वर्षी कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने, परतफेडीची हमी नसली तरी हे कर्जच आहे, असा निकाल दिला. मिनेसोटाने नेमके उलट केले: 2020 मध्ये चॅम्पर्टीचा नियम रद्द केला आणि 2023 मध्ये वर्षाला साठ टक्के दराच्या एका करारालाही व्याजखोरीचा कायदा लागत नाही असे ठरवले.

हिंदुस्थानात चॅम्पर्टीचा नियम कधी आलाच नाही. 1876 मध्ये कलकत्त्याहून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की इंग्लंडचे चॅम्पर्टीचे कायदे इथे लागू नाहीत. गरीब माणसाला हक्क मिळवायला पैसा पुरवून वाटा घेणे हे मुळात सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही, मात्र करार पिळवणुकीचा असेल तर न्यायालयाने तो मानू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 25 व्या आदेशात महाराष्ट्रापुरती जी दुरुस्ती आहे तिच्यात तर अशा पैसे पुरवणाऱ्याचा थेट उल्लेख आहे. दाव्यातल्या मालमत्तेचा वाटा त्याच्या नावे करून कोणी पैसा उभा केला असेल, तर न्यायालय त्याला वादी म्हणून सामील करून खर्चापोटी तारण मागू शकते. वकिलाला मात्र हे दार बंद आहे. मुंबईतल्या एका वकिलाने अशिलाशी वसुलीचा निम्मा हिस्सा ठरवला, तेव्हा 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुसऱ्या कोणी असा करार केला तर कायद्याला हरकत नाही, वकिलाने केला तर ते गैरवर्तन आहे. बार कौन्सिलचे नियम वकिलाला चालू दाव्यासाठी अशिलाला पैसे उसने द्यायलाही मनाई करतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. के. बालाजी प्रकरणात वकील नसलेल्या तिऱ्हाइताला अशी मोकळीक असल्याचा पुन्हा उल्लेख केला.

मोकळीक असूनही अपघाताच्या दाव्यांवर उचल देणारा अमेरिकेसारखा धंदा इथे उभा राहिला नाही, याचे एक मोठे कारण कायद्यानेच केलेली सोय. तिसऱ्या पक्षाच्या विम्याची सक्ती 1946 पासून अंमलात आली. 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आली आणि वारसांची दिवाणी दाव्याच्या भारी मुद्रांकातून सुटका झाली. 1982 मध्ये मोटार वाहन कायद्यात 92-अ हे कलम घातले गेले. दोष कोणाचा हे न बघता मृत्यूसाठी 15,000 आणि कायमच्या अपंगत्वासाठी 7,500 रुपये आधी द्यायचे. अंतिम भरपाई जास्त ठरली तर त्यातून ते वजा. 1988 च्या कायद्यात हे कलम 140 झाले, रक्कम 25,000, आणि 1994 मध्ये 50,000. हीसुद्धा उचलच, फक्त बिनव्याजी आणि विमा कंपनीकडूनच वसूल होणारी. 2019 च्या दुरुस्तीने कलम 140 गेले. त्याऐवजी 164 व्या कलमात मृत्यूसाठी दोष न बघता पाच लाख रुपये आले आणि अंतरिम मदतीची योजना आखण्याचे काम केंद्र सरकारवर सोपवले गेले.

भरपाई हाती आल्यावर ती सावकार आणि मध्यस्थांकडे जाते, ही तक्रार न्यायालयांपर्यंत आधीच पोचली होती. 1982 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आणि पुढे सुसम्मा थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणांना मार्गदर्शक सूचना दिल्या. अज्ञान मुलांची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत, निरक्षर वारसांचीही तशीच, आणि व्याज दरमहा घरच्यांच्या हाती. न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय या ठेवीवर कर्ज किंवा उचल देता येणार नाही, असा शेरा बँकेने ठेवपावतीवरच मारायचा असतो.